पहिल्या कळेपासून वार पडेपर्यंत: बाळंतपणाचे टप्पे, क्रमाने

लेबर रूममध्ये काम करताना एकच चूक वेगवेगळ्या रूपांत दिसते: पुढच्या टप्प्याचं काम आधीच्या टप्प्यात उरकायची घाई. पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, तोंड नुकतं कुठे मऊ व्हायला लागलेलं असतं आणि बाई पाय दुखेस्तोवर येरझारा घालून दमलेली असते. तोंड पूर्ण उघडायच्या आत भोवतीचे सगळे ‘जोर कर, जोर कर’ म्हणून गलका करतात. बाळ बाहेर आलं की सगळे बाळाकडे धावतात, आणि वार, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारा अवयव, अजून आत आहे हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

शरीराचा क्रम ठरलेला आहे. तो आधी समजून घेतला की कधी थांबायचं आणि कधी हलायचं हे कळतं. पुढचं सगळं दिवस भरलेल्या, एकच बाळ असलेल्या, बाळाचं डोकं खाली असलेल्या आणि गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणाबद्दल आहे. जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, खाली असलेली वार, आधीचं सिझेरियन, वाढलेला रक्तदाब यांपैकी काही असेल तर घरातून कधी निघायचं हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तेच धरा. इथले आकडे तुमच्यासाठी नाहीत.

तयारी: छत्तिसाव्या आठवड्यात उरकायची कामं

३७ आठवडे पूर्ण झाले की कळा कधीही सुरू होऊ शकतात. डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे ४० आठवडे पूर्ण होण्याचा दिवस, आणि तो अंदाज असतो. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं थोडीच. तारीख टळली म्हणून घाबरू नका, पण तपासणी चुकवू नका. ४१ आठवडे पूर्ण होऊनही कळा नसतील तर औषधाने कळा सुरू करायचा विषय निघतो.

१. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावा. रक्तगट, हिमोग्लोबिन आणि शेवटची सोनोग्राफी वरच ठेवा. बॅगेबद्दल मी काही सांगत नाही, बॅगा सगळ्यांच्या छान भरलेल्या असतात. फाइल मात्र कपाटात राहते.

२. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून उत्तरं फाइलच्या आतल्या बाजूला लिहा: कळांमध्ये किती अंतर असताना निघू? पाणी गेलं (बाळाभोवतीचं पाण्याचं आवरण, म्हणजे पाणमोट, फुटली) आणि कळा नसल्या तर काय करू? रात्री कोणत्या नंबरवर फोन करू?

३. सोबत कोण येणार ते ठरवा. एकच माणूस, जो घाबरत नाही आणि सूचना देत सुटत नाही. त्याला कळा मोजायला आजच शिकवा.

४. जायची सोय ठरवा आणि ती ऐनवेळी मिळाली नाही तर दुसरी कोणती, हेही ठरवा.

*तपासा:* सोबत येणाऱ्या माणसाला फाइल कुठे आहे ते न विचारता सापडते का?

टप्पा १: कळा खऱ्या की खोट्या

पहिलटकरणीचं पोट बाळंतपणाच्या काही दिवस किंवा आठवडे आधी खाली उतरतं. श्वास मोकळा होतो, पण डोकं मूत्राशयावर दाबल्यामुळे सारखी लघवी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हे उतरणं बऱ्याचदा कळांबरोबरच होतं. पिशवीच्या तोंडाशी असलेला घट्ट, चिकट स्राव किंचित रक्ताच्या रेषांसह अंगावरून जातो. त्यानंतर कळा काही तासांत येतील किंवा काही दिवसांनी. स्राव गेला म्हणजे निघायची वेळ झाली असं नाही.

पोट घट्ट व्हायला लागलं की क्रमाने एवढं करा: लघवीला जाऊन या, पाणी प्या, कूस बदला, बसला असाल तर थोडं चाला आणि चालत असाल तर आडवं व्हा. मग तासभर लक्ष ठेवा. खोटी कळ बहुधा पुढच्या बाजूलाच, ओटीपोटात जाणवते, तिला वेळेचं बंधन नसतं आणि स्थिती बदलली की ती विरते. खरी कळ पुष्कळदा कंबरेतून निघून पुढे येते, तुम्ही काहीही केलं तरी थांबत नाही, आणि प्रत्येक तासाला लांब, जोरकस आणि आधीच्या कळेच्या जवळ होत जाते.

कळ किती जोराची आहे हे हाताने तपासता येतं. कळ भरात असताना बोटांची टोकं पोटाच्या वरच्या भागावर हलकेच ठेवा. नाकाच्या शेंड्याइतकं दबलं तर कळ हलकी. हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. कपाळासारखं टणक लागलं आणि बोट आत जाईना, तर कळ जोराची. सोबतच्या माणसाला हे आधीच आपापल्या चेहऱ्यावर करून बघायला सांगा. ‘खूप दुखतंय का?’ या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा हा हात अधिक सांगतो.

कळा मोजायची पद्धत

मला सर्वांत जास्त चुका इथेच दिसतात. एका जोडप्याने दोन पानं भरून वेळा लिहून आणल्या होत्या. वहीत नुसत्या वेळा होत्या. ती कळ सुरू व्हायची वेळ की संपायची, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. दोन पानांचा काही उपयोग झाला नाही.

प्रत्येक कळेच्या दोन वेळा लिहा: सुरू आणि संपली.

२.१० सुरू, २.११ संपली.
२.१६ सुरू, २.१७ संपली.
२.२१ सुरू, २.२२ संपली.

अंतर धरायचं ते सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे वर पहिलं अंतर ६ मिनिटांचं आहे, दुसरं ५ मिनिटांचं. कळ संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतची विश्रांती म्हणजे अंतर नव्हे. तसं मोजलं तर प्रत्येक वेळी मिनिटभर कमी येतं आणि माणसं नको तेवढ्या लवकर निघतात. दर तासाला दहा-पंधरा मिनिटं मोजा आणि वही मिटा. रात्रभर घड्याळाकडे बघत बसलात तर झोप जाईल आणि कळाही लांबल्यासारख्या वाटतील.

सावधान: ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत नियमित कळा आल्या तर खऱ्या-खोट्याची परीक्षा घेत बसू नका. सरळ निघा.

टप्पा २: तोंड पातळ होणं

नाडीचा बटवा डोळ्यांसमोर आणा. नाडी आवळलेली असते तेव्हा त्याला चुण्यांची एक लांबट मान असते. बटवा उघडायचा तर आधी ती मान सैल होऊन नाहीशी होते, मग भोक मोठं होतं. पिशवीचं तोंड तसंच. गरोदरपणात तीन-चार सेंटिमीटर लांब आणि नाकाच्या शेंड्यासारखी टणक असलेली ही मान आधी ओठासारखी मऊ होते, आखूड होते, कागदासारखी पातळ होते. पहिलटकरणीत हे काम बऱ्यापैकी झाल्यावर मग तोंड झपाट्याने उघडतं. आधी बाळंत झालेल्या बाईत पातळ होणं आणि उघडणं बरोबरच चालतं.

म्हणून ‘सहा तास कळा काढल्या आणि दोनच सेंटिमीटर?’ असं ऐकू आलं तर ते सहा तास वाया गेलेले नसतात. प्रत्येक कळेत पिशवीच्या वरच्या भागाचे स्नायू आखडतात आणि कळ गेल्यावर पूर्वीइतके लांब होत नाहीत, थोडे आखूडच राहतात. वरचा भाग जाड होत जातो आणि खालचा भाग व तोंड वर खेचलं जाऊन पातळ होतं. हा बदल सेंटिमीटरमध्ये दिसत नाही.

तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ याच टप्प्यात धरतात. त्याला ठरावीक वेळ नाही. काहींचे चार-सहा तास, पहिल्या खेपेला कधीकधी अख्खा दिवस किंवा त्याहून जास्त. मधे कळा थांबून पुन्हा सुरूही होतात.

या टप्प्यात करायचं ते फारच साधं आहे:

१. रात्र असेल तर झोपा, निदान डाव्या कुशीवर पडून राहा. दिवस असेल तर नेहमीची हलकी कामं करा.
२. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर हलकं खा आणि घोट घोट पाणी पीत राहा.
३. दर दोन तासांनी लघवीला जा, लागली नसली तरी. भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं.
४. कोमट पाण्याने अंघोळ करा, कंबर शेकून घ्या किंवा दाबून घ्या.

चाललं की लवकर सुटका होते म्हणून जिने चढत राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. चालणं चांगलं, पण त्याचा खरा फायदा पुढच्या टप्प्यात. इथे दमलात तर जोर करायच्या वेळी अंगात काही उरत नाही.

मधेच पाणी गेलं तर

पाणमोट बहुतेकींची कळा चांगल्या सुरू झाल्यावर फुटते. थोड्या बायकांची आधीच फुटते. कधी भळकन पाणी जातं, कधी नुसतं झिरपतं आणि ती लघवी वाटते. शंका असेल तर लघवी करून या, कोरडं पॅड लावा, अर्धा तास आडवं पडा आणि उठून उभं राहा. उठताना पुन्हा ओघळ आला, किंवा पॅड ओलं असून लघवीचा वास नसला, तर पाणमोट फुटली असं धरा.

लगेच तीन गोष्टी लिहा: वेळ, रंग, वास. स्वच्छ किंवा फिक्कट पिवळसर पाणी असेल तर दवाखान्यात फोन करून निघा. धावपळ नको, पण कळांची वाट बघत घरी बसायचंही नाही. बऱ्याच जणींना २४ तासांत आपोआप कळा येतात, मात्र जितका वेळ जातो तितकी जंतुसंसर्गाची भीती वाढते. पॅड लावा, आत काही घालू नका, शरीरसंबंध टाळा.

सावधान: पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली आहे. क्षणभरही थांबू नका. पाण्याबरोबर नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून कंबर उंच ठेवा, नाळेला हात लावू नका किंवा ती आत ढकलू नका, आणि त्याच स्थितीत रुग्णवाहिका बोलवायला सांगा.

कधी निघायचं

पहिली खेप असेल आणि दवाखाना जवळ असेल तर सर्वसाधारण हिशेब असा: कळा दर ५ मिनिटांनी, प्रत्येक साधारण १ मिनिटाची, आणि हे तासभर टिकलेलं. दुसरी-तिसरी खेप असेल तर एवढं थांबू नका. नियमित कळा सुरू झाल्या की निघा. प्रवास लांबचा असेल तर तो वेळ हिशेबात धरा.

यापैकी काहीही असेल तर हिशेब बाजूला ठेवून लगेच निघा: अंगावरून ताजं लाल रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, किंवा दोन कळांच्या मधेही पोट मऊ न होता सतत दुखणं.

टप्पा ३: पाचपासून दहापर्यंत

आता कळा १० मिनिटांत तीन ते पाच येतात आणि कळ चालू असताना बोलणं तुटतं. जुन्या हिशेबाने तोंड दर तासाला १ सेंटिमीटर उघडायलाच हवं असं मानत आणि नाही उघडलं की घाई करत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तो हिशेब सरसकट लावू नका असं सांगितलं. ५ सेंटिमीटरपासून पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर, उघडेपर्यंतचा वेळ पहिलटकरणीत सहसा १२ तासांच्या आत आणि नंतरच्या खेपांत १० तासांच्या आत असतो. बाळाचे ठोके आणि आईची प्रकृती ठीक असेल तर या मर्यादेत हळू चालणारं बाळंतपण म्हणजे अडलेलं बाळंतपण नव्हे.

१. जमेल तोवर उभ्या राहा, चाला, पुढे वाकून टेका, गुडघ्यांवर बसा. वजन खाली गेलं की डोकं तोंडावर नीट बसतं. फक्त पाठीवर सपाट पडू नका. पिशवीचं वजन मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं.

२. कळ चढताना श्वास हळू सोडा. श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, घेणं आपोआप होतं. जबडा आणि खांदे सैल ठेवा.

३. कळ गेली की अंग पूर्ण सैल सोडून द्या. कळ चालू असताना वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि मधल्या वेळात बाळ पुन्हा भरपूर प्राणवायू घेतं. विश्रांतीचा हा वेळ बाळाचाही आहे.

४. आतून तपासणी साधारण चार तासांनी पुरते. ‘किती झालं, बघा ना’ म्हणून सारखी तपासणी मागू नका. दर तपासणीबरोबर संसर्गाची शक्यता वाढते. बाळाचे ठोके मात्र दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकायला हवेत. मिनिटाला ११० ते १६० हे नेहमीचे.

५. वेदना कमी करणारं इंजेक्शन किंवा एपिड्युरल (पाठीतून देऊन कंबरेखालची वेदना थांबवणारं औषध) हवं असेल तर आता बोला. ते मागण्यात कमीपणा नाही.

कळ पोटापेक्षा कंबरेत असह्य होत असेल तर पुष्कळदा बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे असते. हातापायांवर रांगत्या स्थितीत या आणि सोबतच्या माणसाला माकडहाडाच्या वरच्या भागावर तळव्याने घट्ट दाब द्यायला सांगा. यात कुरवाळणं उपयोगी पडत नाही, खरंच जोर लावून दाबावं लागतं.

आठपासून दहापर्यंतचा भाग छोटा आणि सर्वांत कठीण. अंग थरथरतं, उलटी होते, कधी घाम तर कधी थंडी. शहाणीसुरती बाई म्हणते, ‘मला जमत नाही, मी घरी जाते.’ हे वाक्य ऐकलं की आम्हाला कळतं, आता फार उरलं नाही. सोबतच्या माणसाने इथे घाबरून वाद घालू नये. ‘ही कळ गेली’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

सावधान: तोंड पूर्ण उघडायच्या आत शौचाला लागल्यासारखं वाटून जोर करावासा वाटू शकतो. सिस्टरला सांगा आणि तपासणी होईपर्यंत मेणबत्ती विझवताना फुंकतो तसे छोटे श्वास सोडा. अर्धवट उघडलेल्या तोंडावर जोर केला तर ते सुजू शकतं आणि वेळ उलट वाढतो.

टप्पा ४: बाळाचा प्रवास आणि जोर करणं

बाळ सरळ खाली घसरत येत नाही. कटीची (कंबरेच्या हाडांमधली) पोकळी वरून आडवी रुंद आणि खाली पुढून मागे लांब असते, म्हणून डोक्याला वळावं लागतं. बाळ हनुवटी छातीला टेकवतं, त्यामुळे डोक्याचा सर्वांत लहान, सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचा व्यास पुढे येतो. मग डोकं आत वळतं आणि चेहरा आईच्या पाठीकडे होतो. जघनाच्या (ओटीपोटाच्या खाली पुढच्या बाजूच्या) हाडाखाली मानेचा मागचा भाग टेकतो आणि मान उंचावत आधी डोकं, मग कपाळ, नाक, हनुवटी बाहेर येतात. बाहेर आलेलं डोकं बाजूला वळतं, कारण आत खांदे वळत असतात. कवटीची हाडं जुळलेली नसल्यामुळे एकमेकांवर सरकतात. जन्मलेल्या बाळाचं डोकं लांबट दिसलं तर ते दाबून गोल करायला जाऊ नका, काही दिवसांत आपोआप गोल होतं.

१. तोंड पूर्ण उघडल्याची खात्री झाल्यावरही जोराची इच्छा होईपर्यंत थांबायला हरकत नाही. डोकं खाली येईपर्यंत शरीर कधीकधी थोडी विश्रांती घेतं.

२. कळ येईल तेव्हाच जोर करा, कळ गेली की थांबा. कळ नसताना केलेला जोर फुकट जातो.

३. जोर खाली, शौचाच्या दिशेने. चेहरा लाल झाला आणि गळ्याच्या शिरा फुगल्या म्हणजे जोर वर चाललाय. आवाज निघाला तरी चालेल. दम कोंडून दहापर्यंत मोजायची गरज नाही.

४. शौच होईल या लाजेने जोर आवरू नका. ते होतं आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

५. डोकं दिसायला लागलं, जळजळ सुरू झाली की जोर थांबवून धापा टाकल्यासारखे श्वास घ्या. डोकं हळूहळू बाहेर यायला हवं. फाटणं इथेच टळतं.

पहिल्या खेपेला हा टप्पा सहसा तीन तासांच्या आत, पुढच्या खेपांत दोन तासांच्या आत उरकतो. बऱ्याच जणी फार लवकर मोकळ्या होतात.

सावधान: वरून पोट दाबून बाळ ढकलू देऊ नका, मग दाबणारा कोणीही असो. त्याने पिशवीला आणि बाळाला इजा होऊ शकते.

टप्पा ५: वार पडणं

बाळ बाहेर आलं, रडलं, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. बाळाला लगेच श्वासाची मदत लागत नसेल तर नाळ एक ते तीन मिनिटांनी कापतात, तोवर वारेतलं रक्त बाळाकडे जात राहतं. रक्तस्राव आवरण्यासाठी बाळ झाल्यावर लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते दिलं का, हे सोबतच्या माणसाने विचारलं तर चालतं.

पिशवी एकदम लहान झाल्यामुळे वार भिंतीपासून सुटते. सुटल्याच्या खुणा: एकदम थोडं रक्त येतं, बाहेरची नाळ लांबते, पोटात पिशवी गोल आणि टणक लागते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत वार पडते.

सावधान: वार सुटायच्या आत नाळ ओढल्याने पिशवी उलटून बाहेर येऊ शकते किंवा वारेचा तुकडा आत राहू शकतो. प्रशिक्षित हाताखेरीज नाळेला कोणीही हात लावू नये.

*तपासा:* पडलेली वार पूर्ण आहे का हे सिस्टर पसरून बघतात. तुकडा कमी असेल तर तो शोधावाच लागतो.

टप्पा ६: पहिले दोन तास

जास्त रक्त जाण्याचा धोका याच वेळात असतो, आणि नेमक्या याच वेळात सगळे फोन करण्यात गुंतलेले असतात. पिशवी नाभीच्या आसपास, टणक गोळ्यासारखी लागली पाहिजे. हाताला मऊ, पसरट लागली तर सिस्टरला लगेच बोलवा. तासाभरात एक मोठं पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली किंवा अंग थंडगार घामेजलं तर वाट बघू नका.

बाळाला पहिल्या तासातच छातीला लावा. पाजताना पुन्हा कळा आल्यासारखं दुखतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्तच. ती पिशवी आवळण्याची खूण आहे. बाळाला अंघोळ घालायची घाई नको, पहिले २४ तास त्याला उबेत ठेवा.

लघवी मात्र लवकर व्हायला हवी, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. सहा तासांत झाली नाही तर सांगा. पहिल्यांदा उठताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसा, मग कोणाचा तरी हात धरून उभं राहा. संडासात जाताना त्या व्यक्तीला दाराशी उभं करा आणि आतून कडी लावू नका.